शहाणी झाली म्हणून शाळा सुटली : दलित आत्मकथने आणि विटाळाचा प्रश्न

१

१९८७ साली मी एका लहानशा नियतकालिकात दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर लेख लिहिला होता. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ ही दोन्ही आत्मकथने १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आली होती. ‘बलुतं’, ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’ या पुस्तकांनी जे माप आमच्या हाती दिले होते त्याच मापाने मी ती मोजली. माझा निष्कर्ष असा होता की, या लेखनात वेदना आहे, पण ती घर, सासुरवास, बाळंतपण अशा खासगी तपशिलांत गुंतून पडते. तिला सामाजिक विद्रोहाची धार येत नाही. लेखाचे त्या वेळी कौतुक झाले. चार ठिकाणी त्याचा उल्लेखही झाला. आज तो निष्कर्ष मी मागे घेतो आहे. का मागे घेतो आहे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

दलित आत्मकथनांत शाळा ही एक मोठी जागा आहे. भूक, गावकुसाबाहेरची वस्ती आणि शाळा या तीन खांबांवर ही आत्मकथने उभी आहेत असे म्हटले तरी चालेल. वर्गाबाहेर बसणे, वरून ओतलेले पाणी पिणे, मास्तरांनी लांबून फेकलेली छडी, आणि तरीही शिकत राहिलेला मुलगा. या मुलाला आम्ही समीक्षकांनी नायक केले, आणि ते योग्यच होते. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश त्याने रक्ताचे पाणी करून पाळला होता. परंतु याच पुस्तकांच्या पानांवर एक मुलगी असते. ती नायकाची बहीण असते, चुलत बहीण असते, शेजारची असते. पहिली काही वर्षे ती त्याच्याबरोबर शाळेत जाते. मग एखाद्या वाक्यात तिची शाळा सुटते. ‘तिचं नाव काढलं’, ‘तिचं लगीन लावून दिलं’, एवढेच. लेखक पुढे जातो, आणि वाचकही. समीक्षकाने तरी तेथे थांबायला हवे होते. मी थांबलो नाही.

२

मी थांबलो नाही याला कारण होते. ती मुलगी माझ्या घरातही होती.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, १९६४ साली सातवीत होती. मी चौथीत होतो. ती माझ्यापेक्षा हुशार होती. पाढे मला तिनेच शिकवले. एके दिवशी तिची शाळा बंद झाली आणि तिचे दप्तर मला मिळाले. आईने कारण सांगितले, ‘पोरगी शहाणी झाली.’ मी पुढे शिकलो, मास्तर झालो, लेखक झालो. त्या दप्तराचा उल्लेखही मी एकदा केला आहे. आमचे दारिद्र्य किती होते हे दाखवण्यासाठी. अक्काची शाळा का सुटली हा प्रश्न मी तिला साठ वर्षांत विचारला नव्हता. काही महिन्यांपूर्वी विचारला. ती आधी हसली. मग म्हणाली, “आरं, शाळंतल्या रांजणाला आपल्याला हात लावू देत नव्हते. कुणी वरनं वतलं तर ओंजळीनं पेयाचं. पेयाला पाणी मिळंना, तर फडकं धुयाला कोण देणार व्हतं? दोन महिने मधल्या सुट्टीत पळत घरी यायची. तिसऱ्या महिन्याला गुरुजींनी वर्गात इचारलं, कुठं पळतीस गं सारखी? सगळी पोरं हसली. मंग नाही गेले.”

मी म्हणालो, “अक्का, तू मला कधी सांगितलं नाहीस.” ती म्हणाली, “तू कधी इचारलंस?”

या उत्तरात दोन विटाळ एकाच रांजणापाशी एकत्र येतात. एक जातीचा आणि एक बाईपणाचा. महाराच्या मुलाला पाणी शिवता येत नव्हते, हे आम्ही हजार वेळा लिहिले. महाराच्या मुलीला त्याच पाण्याची दुसरीही गरज होती, हे आम्ही लिहिले नाही. मुलगा तहानलेला राहून शाळेत बसू शकत होता. मुलीला बसता येत नव्हते. हा फरक खासगी नाही. तो शिक्षणाचा प्रश्न आहे आणि म्हणून दलित साहित्याच्या केंद्रातला प्रश्न आहे.

३

आपली भाषाच याची साक्ष देते. मराठीत अस्पृश्याच्या स्पर्शालाही ‘विटाळ’ म्हणतात आणि मासिक पाळीलाही ‘विटाळ’ म्हणतात. ‘शिवू नको’ हे शब्द दोघांनाही सांगितले जातात. पाळी आलेली बाई ‘बाहेरची’ होते, आणि आमची सगळी वस्तीच गावाबाहेरची होती. एक शब्द दोन ठिकाणी योगायोगाने वापरला जात नाही. ज्या मनुस्मृतीचे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, तिच्या पाचव्या अध्यायात एक श्लोक आहे. कोणाला शिवल्यास स्नान करावे याची यादी त्यात दिली आहे. चांडाळ, रजस्वला, पतित, बाळंतीण आणि प्रेत. चांडाळ आणि रजस्वला यांची नावे त्या यादीत शेजारीशेजारी आहेत. आम्ही त्या यादीतला पहिला माणूस पाहिला, त्याच्यासाठी लढलो, त्याच्यावर साहित्य उभे केले. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे आमचे लक्ष गेले नाही. आणि जी मुलगी एकाच वेळी या दोन्ही नावांनी ओळखली जाते, जी चांडाळाच्या घरातली आहे आणि रजस्वलाही आहे, तिच्यावर तर ही यादी दुप्पट लागू होते.

हे कोणालाच दिसले नव्हते असे मात्र नाही. चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिने चौदाव्या शतकात आपल्या अभंगात हाच प्रश्न उभा केला होता. ज्याला तुम्ही विटाळ म्हणता त्यापासूनच प्रत्येक देह घडतो, तर मग सोवळा कोण, असा तिचा रोकडा सवाल आहे. जातीच्या विटाळाला तिने स्त्रीच्या देहाच्या पुराव्याने उत्तर दिले. मला वाटते, दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र मांडताना आम्ही चोखोबांचा वारसा सांगितला की नाकारला यावर जितकी शाई खर्च केली, तिचा दहावा हिस्सा जरी सोयराबाईच्या या युक्तिवादावर केली असती तर स्त्रियांची आत्मकथने वाचण्याची दृष्टी आम्हाला वेळेवर मिळाली असती.

१८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या मांग जातीच्या मुलीचा निबंध छापून आला. ती जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाची कैफियत मांडताना तिने, डोक्यावर धड छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आमच्या स्त्रियांचे काय हाल होतात, ते लिहिले. आपल्या साहित्याचा जो आरंभबिंदू आपण अभिमानाने सांगतो, त्यातच स्त्रीच्या देहाचे दुःख जातीच्या दुःखाबरोबर आलेले आहे. शाळेत गेलेल्या मुलीनेच ते लिहिले, हेही लक्षात घेतले पाहिजे. तिला जे सामाजिक वाटले ते एकशे बत्तीस वर्षांनंतर मला ‘खासगी’ वाटले!

४

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात एक मूलगामी गोष्ट सांगितली. जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहाने; आणि तो विवाह टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा आल्या. म्हणजे जातीची कडी स्त्रीच्या देहाला अडकवलेली आहे. हे एकदा मान्य केले की पाळीचा पहिला दिवस काय असतो ते समजते. जातिव्यवस्था मुलीच्या देहावर हात ठेवते तो तो दिवस. त्या दिवशी ती ‘शहाणी’ होते. या शब्दातला क्रूर विनोद पाहावा. ज्या भाषेत शिकलेल्या माणसाला शहाणा म्हणतात त्याच भाषेत मुलगी शहाणी झाली म्हणून तिची शाळा बंद करतात.

येथे आमच्या घरांबद्दलही बोलले पाहिजे. १९५६ नंतर आम्ही घरातले देव काढून टाकले. पण अनेक घरांतून ‘चार दिवस’ गेले नाहीत. कष्टकरी बाईला बाजूला बसणे परवडत नव्हते, ती शेतावर जातच होती; म्हणून हा ब्राह्मणी आचार आमच्यात नव्हता असे सांगणारे काही लोक भेटतात. त्यात अर्धे सत्य आहे. पोट भरण्यासाठी जेथे बाईचे हात लागत होते तेथे विटाळ मोडला. पण शाळा म्हणजे पोटाचे काम नव्हते. तेथे तो पाळला गेला. आणि पुढे आम्ही शिकलो, नोकरदार झालो, दोन खोल्यांची घरे झाली, तेव्हा परवडू लागलेला विटाळ काही घरांत नव्याने आला. पांढरपेशेपणाची ही किंमत आमच्या बायकांनी मोजली. ‘आयदान’मध्ये (२००३) ऊर्मिला पवार यांनी स्त्रीच्या देहाविषयी मोकळेपणाने लिहिले, तेव्हा एका चर्चासत्रात आमच्याच एका मित्राने ‘हे सगळे लिहायची गरज होती का?’ असे विचारले होते. सभागृहातली पुरुषमंडळी गप्प राहिली. मीही त्यांत होतो.

२०१८ साली शबरीमला मंदिराच्या खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात असे मत मांडले की, पाळीच्या कारणाने स्त्रीला दूर ठेवणे हाही घटनेच्या सतराव्या कलमाने नष्ट केलेल्या अस्पृश्यतेचाच प्रकार आहे. त्याच खटल्यात वेगळे मतही नोंदले गेले आणि २०१९ मध्ये प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. कायद्याचा निर्णय काहीही होवो. सतराव्या कलमाचा हा अर्थ एका न्यायमूर्तीने सांगण्याआधी दलित समीक्षेने सांगायला हवा होता, ही खंत मला वाटते.

५

आता हा विषय कोपऱ्यातला राहिलेला नाही. त्यावर चित्रपट निघतात, योजना निघतात. महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या महिला दिनी जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देणारी योजना सुरू केली आणि तिला नाव दिले ‘अस्मिता’. आपल्या चळवळीचा हा शब्द पॅडच्या पाकिटावर पाहून मी क्षणभर चकित झालो. त्याच वर्षी ‘पॅडमॅन’ हा हिंदी चित्रपट आला. कोइंबतूरच्या अरुणाचलम मुरुगानंथम यांची ही कथा. चित्रपटाने ती उचलून मध्य प्रदेशात नेली. त्यांचे काम मोठे आहे, याविषयी वाद नाही. पण चित्रपटाने प्रश्नाची जी मांडणी केली ती तपासली पाहिजे. एक वस्तू नाही म्हणून स्त्री मागे आहे, ती वस्तू स्वस्तात मिळाली की ती पुढे जाईल, आणि ती आणून देणारा एक पुरुष असेल. या कथेत जात नाही, पाणी नाही, शाळेच्या संडासाची कडी नाही.

ही मांडणी किती अपुरी आहे हे अभ्यासांतूनही दिसते. एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्न्टन यांनी नेपाळच्या चितवनमध्ये शाळकरी मुलींना पाळीसाठीचे कप देऊन पाहिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले की, पाळीमुळे होणारी गैरहजेरी मुळातच थोडी होती आणि कप दिल्याने हजेरीत फरक पडला नाही. यावरून काही लोक म्हणतील, मग प्रश्नच नाही. मला तसे वाटत नाही. हजेरीपटावर गैरहजेरी दिसते ती शाळेत असलेल्या मुलीची. जिचे नावच पटावरून गेले तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण कोण करणार? मी स्वतः तीस वर्षे हजेरी घेतली. महिन्यातून दोन दिवस न येणारी मुलगी मला आठवते. सातवीनंतर जी आलीच नाही ती नवा पट लिहिताना गळून गेली. दुसरा अभ्यास अंजली अदूकिया यांचा, २०१७ चा. भारतातील शाळांत संडास बांधल्याने पटसंख्या वाढली. लहान मुलांना कोणताही संडास उपयोगी पडला, पण वयात आलेल्या मुलींसाठी स्वतंत्र संडास असेल तरच फरक पडला, असे त्यात दिसते. म्हणजे मुलीला हवा असतो आडोसा आणि निर्भयपणा. पॅड हा त्यातला एक भाग आहे, सर्व काही नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी शाळेला बंधनकारक केले. पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. मुलीची पाळी नुकतीच सुरू झालेली असते तोच कायद्याचा हात सुटतो. आणि स्वच्छतागृह बांधले तरी ते धुणार कोण? मी ज्या एका शाळेत होतो तेथे मुलींचे स्वच्छतागृह कुलूपबंद असे, कारण साफ करायला माणूस नव्हता. कुलूप काढायचे ठरले तेव्हा एका सहकाऱ्याने सहज सुचवले, ‘त्या वस्तीतल्या मुलींना सांगू या, त्यांना सवय असते.’ वस्ती कोणती हे सांगायची गरज त्याला वाटली नाही. मी भांडलो. परिणाम असा झाला की कुलूप पुन्हा लागले आणि सगळ्याच मुलींची गैरसोय झाली. त्या भांडणात मी जिंकलो की हरलो, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

६

या प्रश्नाची खरी कादंबरी माझ्या मते बीड जिल्ह्यात लिहिली जाण्याची वाट पाहते आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल एका ‘कोयत्या’ला मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला उचल कमी. म्हणून मुलगी शहाणी झाली की तिचे लग्न होते आणि एक नवा कोयता तयार होतो. लग्न नाही झाले तर आईबापांपुढे पेच असतो. वयात आलेली पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून ती फडावर जाते, कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळते. तेथे संडास नाही, न्हाणीघर नाही. हंगाम संपून ती परत येते तोवर शाळेचे वर्ष संपत आलेले असते.

तिच्या आईचे काय होते? कामावर एक दिवसाचा खाडा पडला तर त्याचे पैसे उचलीतून कापले जातात. पाळी म्हणजे खाडा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीपुढे २०१९ मध्ये जी आकडेवारी आली ती अशी: पाहणी केलेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. मुलगी पाळी आली म्हणून शाळेबाहेर जाते आणि आई पाळी येऊ नये म्हणून गर्भाशयच काढून टाकते. या दोन घटना एकाच गोष्टीची दोन प्रकरणे आहेत. या टोळ्यांत दलित आणि भटक्या-विमुक्त स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. मग ही गोष्ट आमच्या साहित्यात जितकी यावी तितकी का येत नाही?

दुसरे टोक शहरात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते २४ वयाच्या सुमारे ७८ टक्के स्त्रिया पाळीत आरोग्यदायी साधन वापरतात. कापड वापरणाऱ्याही सुमारे निम्म्या आहेत, कारण पुष्कळजणी दोन्ही वापरतात. ही प्रगती आहे, आणि तिचे स्वागत केले पाहिजे. पण वापरलेले पॅड कोठे जाते? पुण्यात १९९३ पासून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना काम करते. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. उघड्यावर टाकलेली पॅड हातांनी वेगळी करावी लागतात, ही तक्रार या स्त्रियांनी वर्षानुवर्षे केली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅडसोबत गुंडाळायला पाकीट देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली, ती या रेट्यानंतर. ज्या घरात बाईच्या रक्ताला विटाळ मानतात त्या घरातले रक्त उचलायला मात्र आमची बाई चालते. एका मुलीची शाळा सुरळीत चालावी म्हणून दुसऱ्या मुलीच्या आईने उघड्या हातांनी ते वेचायचे, हा कोणता न्याय? आणि या दुसऱ्या मुलीच्या शाळेचे काय?

७

म्हणून आज ‘जिणं आमुचं’ मी पुन्हा वाचले. बाळंतिणीच्या भुकेची जी पाने मला १९८७ मध्ये खासगी वाटली होती, ती आज मला त्या पुस्तकातली सर्वांत राजकीय पाने वाटतात. बेबीताईंनी हे लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. जी बाई विटाळाचे फडके लपवायला शिकते तिलाच वहीही लपवावी लागते. त्या दोन्ही लपवण्यांचे कारण एकच होते, आणि त्या कारणात माझ्यासारखे वाचक आणि समीक्षकही सामील होते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. दलित साहित्याने ‘नकार’ आणि ‘विद्रोह’ ही मूल्ये मांडली. पण नकाराची कसोटी घराच्या दारापाशी संपत नाही. विटाळ हा शब्द एका अर्थाने जाळायचा आणि दुसऱ्या अर्थाने चुलीशेजारी जपून ठेवायचा, असे चालणार नाही. तो दोन्ही अर्थांनी गेला पाहिजे. मुलींना दयेच्या आणि योजनेच्या भाषेत हा प्रश्न इतर लोक सांगतच आहेत. आम्ही तो हक्काच्या भाषेत सांगितला पाहिजे, कारण पाण्याच्या हक्काची लढाई आम्ही महाडला २० मार्च १९२७ रोजीच सुरू केली आहे. चवदार तळ्याचे पाणी अजून शाळेतल्या मुलींच्या न्हाणीपर्यंत पोहोचलेले नाही, एवढेच.

आत्मकथन लिहिणाऱ्या तरुण मित्रांना माझी एक विनंती आहे. तुमच्या पुस्तकात बहिणीची शाळा सुटण्याचे वाक्य येईल. तेथे पूर्णविराम देण्याआधी तिला जाऊन विचारा. ती जिवंत असेल तर सांगेल. मी विचारायला साठ वर्षे लावली. हा लेख लिहून झाल्यावर मी तो अक्काला वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकला आणि एकच दुरुस्ती सुचवली. म्हणाली, “दप्तर तुला मिळालं असं लिवलंस. मिळालं नव्हतं. मी दिलं व्हतं.”

ती दुरुस्ती मी येथे नोंदवतो.